देवीच्या कोंबड्याचा डोळा

पाय घट्ट धरा इंदुताई, दोन्ही एका मुठीत. पंख फडक्यातच राहू द्या. आन् असं तोंड वाकडं नोका करू, पिकलेल्या डोळ्याले काय अत्तराचा वास येईल?

आधी मले पाहू द्या. तुमी वावरातून येतानाच सांगत आल्या, कोंबडीवर देवी आली, देवी आली. कुठी हाय देवी? तुरा पाहा हिचा, साफ हाय. चोचीपाशी फोड नाही, खपली नाही. कोंबडीची देवी असली का आधी तुऱ्यावर, तोंडावर फोड दिसतात. घशात घरघर नाही, मान फिरवून राह्यली नाही. हिचा एकच डोळा सुजला, कोपऱ्यात फेस हाय, पापणी चिकटली. हे घाणीनं झालं. पावसाच्या झडीत कोंडून ठेवली असंल तुमी, गोठ्यात. ठेवली ना? मले माहीतच होतं.

पाणी कोमट होऊ द्या, तोवर बसा. मघा तुमी इचारलं, तुह्या नवऱ्याले, बाबूसिंगले, पांढरकवड्यात खोली भेटली होती म्हणतात, जमनी, तू काहून नाही गेली? सारा तांडा इचारून थकला, तुमीच राह्यल्या होत्या. सांगते. पण कोंबडीवरचा हात ढिला करू नोका.

माह्या सासूनं माह्या पोरीच्या पायात कोंबडा बांधला, म्हणून नाही गेली. दोरीनं नाही, नुसत्या बोलण्यानं बांधला.

पोरीचं नाव बाबूसिंगनं विजयमाला ठेवलं. ट्रकवर फिरते, कुठंतरी ऐकून आला. माह्या सासूच्या, सुखीबाईच्या, तोंडात ते मावत नाही, ती माली म्हणते, म्हणून आमी सगळेच माली म्हणतो. दीड वर्षाची होती तवा तिले असा ताप आला का डोळे पांढरे केले. सासूनं पोरीले उचललं, शिवेवरच्या लिंबाखाली आमच्या सीतळादेवीचे सात दगड हायेत, तिथं नेऊन ठेवलं आन् नवस बोलली, पोरगी उठली तर आषाढातल्या मंगळवारी तुले लाल कोंबडा देईन, तो देत नाही तोवर पोरगी ही शीव ओलांडणार नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. म्हातारीनं जीव लावला पोरीले, ते मी नाकारत नाही. पण शीव कायले मधात घातली? कोंबडा बोलली होती तेवढा पुरला असता.

पहिल्या आषाढात सासरा शंकरसिंग वारला, घरात सुतक, पूजा झाली नाही. दुसऱ्या आषाढात कोंबडा दगडापर्यंत नेला. आमच्या तांड्याच्या फुलचंद नायकानं तो हातात घेतला, उलटापालटा केला, आन् पाह्यलं का एका पायाची नखी तुटली हाय. दुसऱ्या कोंबड्यासंगं भांडला होता मेला. खोटवाला कोंबडा देवी घेत नाही. दुसरा देता येत नाही, देवीचं नाव घेऊन वर्षभर आधी सोडला असंल तोच लागते. मंग नवा कोंबडा सोडला आन् आमी पुन्हा वर्षभर बसलो.

त्याच वर्षी बाबूसिंग क्लीनरचा ड्रायव्हर झाला आन् मालकानं त्याले खोली देतो म्हणलं. पांढरकवड्याले, सडकेच्या बाजूले, समोर शाळा. पण बायकापोरं घेऊन राहणाऱ्यालेच देतो, एकट्याले नाही. साठ सालचा आषाढ लागला तवा निरोप आला, अमावस्येपर्यंत थांबतो, मंग दुसऱ्या ड्रायव्हरले देईन.

शाळेचं मी लोकाले सांगे. खरं सांगू तुमाले? मले माही चूल पाह्यजे होती. सात वर्षं झाली होती सासूच्या हाताखाली. भाकर थापली तर जाड, पाणी आणलं तर गढूळ, हसली तर काहून हसली. एकदा मी निंगालीच होती. पेटी डोक्यावर, माली कडेवर, लिंबापर्यंत गेली. तिथं पाय उचलंना. ताप पुन्हा आला तर? आपल्या पायानं पोरीले मारलं तर? मी बी त्याच दगडापुढं वाकून मोठी झाली ना इंदुताई. तशीच माघारी आली. सासूनं पेटी पाह्यली आन् उचलून जागच्या जागी ठेवली, त्याचाच मले जास्त राग आला.

तर या तिसऱ्या खेपेचा कोंबडा. तांबूस लाल, उंच, तुरा असा उभा. तो भांडू नये म्हणून सासूनं त्याले महिनाभर आधीच डाल्याखाली कोंडला, गोठ्याच्या पार आतल्या कोपऱ्यात, बैलाच्या मागं. झड लागली होती. खाली ओलं शेण, मुताचा वास असा का माणसाच्या डोळ्यातून पाणी यावं. मी म्हणलं, बाहेर ठेवू ना याले. तर म्हणे, तू त्याच्यापाशी फिरकू नोको. जिच्या लेकरासाठी सोडला तिनं त्याले शिवायचं नाही, हे आमच्या घरात आधीपासून हाय.

मंगळवार नऊ दिवसांवर होता आन् कोंबड्याचा डोळा चिकटला.

मी दुरूनच पाह्यलं. उजवा डोळा बंद, सुजून आवळ्याएवढा, पिसांवर पू वाळलेला. खांद्याले डोळा घासून राह्यला होता. सासूले दाखवला. ती डाल्यापाशी खाली बसली. मंग म्हणे, तिनं नेला डोळा. तिच्या मनात असंल तर देईल परत. मी म्हणलं, घाटंजीले गुरांचा दवाखाना हाय. तिनं कानावर हात ठेवले. देवीच्या कोंबड्याले सरकारी औषध? तिनं नायकाले बोलावून आणलं, नायकानं बी पाह्यलं, मान हलवली आन् गेला.

तवा मी डोक्यात राख घालून घेतली. एका कोंबड्याच्या पापणीपायी मी अजून वर्षभर इथं सडू? आन् पुढच्या वर्षी याचं शेपूट गळंन, त्याच्या पुढच्या वर्षी तुरा फाटंन, मी म्हातारी होईन.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बायांसंगं मी बी मोळी घेऊन घाटंजीले गेली. मोळी इकली आन् सरळ दवाखान्यात. डॉक्टर दौऱ्यावर, नानाजी म्हणून कंपाउंडर बसला होता, खाली मान घालून बाटल्या पुसत. मी म्हणलं, कोंबड्याचा डोळा गेला जी. तो वर पाहतच नाही. म्हणे, गेला का बंद झाला? म्हणलं, बंद झाला. म्हणे, मंग असं म्हण ना बाई, गेलेल्यावर माह्यापाशी औषध नाही.

मंग त्यानं एकेक इचारलं. एक डोळा का दोन? तुऱ्यावर फोड? घशात आवाज? मान वाकडी? हिरवं हागते का? दाणा खाते का? बाकीच्या कोंबड्या कशा हायेत? मी सगळं सांगतलं. मंग म्हणे, ठेवता कुठी? म्हणलं, गोठ्यात, बैलाच्या मागं. तवा त्यानं बाटली खाली ठेवली. म्हणे, तूच तोंड घालून बस तिथं महिनाभर, मंग तुहे बी डोळे पाहू. मी म्हणलं, मी बसलीच हाय जी. तो हसला नाही. कोंबडा कोणाचा म्हणून इचारलं. म्हणलं, देवीचा. तो म्हणे, मंग घाई असंल.

त्यानं बोरिक पावडरची पुडी देली, डोळ्याच्या मलमाची एक नळी देली आन् कसं करायचं ते माह्याकडून दोनदा वदवून घेतलं. तेच आता तुमाले दाखवते. आणा पाणी इकडं. उकळून थंड केलेलं हाय, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा पावडर. फडकं धुतलेलं पाह्यजे, पदर नोका लावू. आता हे वर ठेवायचं आन् थांबायचं. ओढायचं नाही. वाळलेली खपली ओढली का पापणी फाटते. भिजू द्या. चुना, हळद, आईचं दूध, काहीबाही डोळ्यात घालायचं नाही. आमच्या तांड्यातल्या धनीबाईनं तिच्या कोंबडीच्या डोळ्यात तंबाकूचं पाणी घातलं होतं, कोंबडी आंधळी करून ठेवली.

सासू दुपारी नायकाच्या वावरात निंदायले जाये. ती गेली का मी मालीले दारात बसवी आन् गोठ्यात शिरे. पहिल्या दिवशी डाल्यापाशी गेली आन् थांबली. शिवू का नोको? मनात म्हणलं, माय, तुह्याच कामाले घेतला हाय हात, पोरीले काही करू नोको. आन् उचलला. केवढा हलका लागला बाई. महिनाभर कोंडून नुसता पिसांचा राह्यला होता.

आता पाहा, सुटली पापणी. अंगठ्यानं खालून हळूच दाबा, जोरानं नाही. निंगाला का? हा पांढरा गोळा, फाटलेल्या दुधासारखा. याले आत ठेवून वरून कितीबी औषध लावा, काही उपयोग नाही. त्या कोंबड्याचा तुरीच्या दाण्याएवढा निंगाला होता. तो पडला, मी पाणी सोडलं, आन् आतून डोळ्यानं माह्याकडं पाह्यलं. अख्खा डोळा, भोवती तांब्याचं कडं. मी तिथंच शेणात बसली आन् रडली. एवढी खूश मी लग्नात बी नव्हती.

तुमच्या हिचा बी डोळा शाबूत हाय. आता मलम, एवढंसंच. हात धुऊन घ्या आधी, तसाच डोळ्याले लावू नोका.

रोज दोनदा करी. सकाळी सासू पाण्याले गेली का आन् दुपारी. ओलं शेण ओढून काढलं, खाली राख आन् तुरीच्या भुश्याचं सुकं कुटार टाकलं. डालं हळूहळू दाराकडं सरकवलं, रोज हातभर. सासूनं इचारलं तर म्हणलं बैलानं ढकललं. तरोट्याचा पाला खाऊ घातला, नानाजीनं हिरवं द्यायले सांगतलं होतं. पाचव्या दिवशी सूज गेली. सासूले डोळा दिसू नये म्हणून मी काय केलं असंल सांगा? ती दाणा टाकायले येई तवा मी आधीच डाल्यावर पोतं टाकून ठेवी. म्हणे, पोतं काहून? मी म्हणलं, उजेड झोंबते त्याले. आधीच दिसला तर कोण शिवलं म्हणून इचारंन; मंगळवारी एकदम दिसू दे, कोंबडा बिनखोट हाय, काम उरकंन, आमी जाऊ. एवढीच माही अक्कल. तिथंच मी फसली.

मंगळवारी सारा तांडा लिंबाखाली. बाबूसिंग आदल्या दिवशीच आला होता. माही पेटी भरून दारात, मालीले नवा झगा. सासूनं अंधारातच डालं उचललं, उजेड झोंबू नये म्हणून कोंबड्याले तोंडासकट त्याच पोत्यात गुंडाळून कवेत घेतलं आन् दगडापाशी आणलं. चालताना बी ती रडतच होती, तिले वाटे हा बी परत जाणार. नायकानं पोतं काढलं. कोंबड्यानं मान उंच केली आन् दोन्ही डोळ्यांनी इकडंतिकडं पाह्यलं.

नायकानं त्याचं तोंड उजेडाकडं फिरवलं. पापणी वर करून पाह्यली. मंग हळूच म्हणे, नऊ दिवसांमागं मी माह्या डोळ्यानं पाह्यला होता, शिवल्यासारखा बंद होता. सासू दगडापुढं आडवी पडली. बाया पाया पडू लागल्या, दगडाच्या नाही, कोंबड्याच्या. नायकाच्या हातातली सुरी मी पाहून राह्यली होती. त्यानं ती धोतराले पुसली आन् कमरेले खोसून ठेवली. म्हणे, तिनं ज्याले आपला डोळा देला त्याच्या मानेवर कोण सुरी ठेवंन? हा राहू द्यायचा.

मी म्हणलं, आन् नवस?

नायक म्हणे, नवस उभा हाय, कोंबडा उभा हाय तोवर. आपल्या मरणानं गेला का तिनं नेला म्हणायचं, तवा फिटला.

इंदुताई, मी बायांतून पुढं झाली. मी साऱ्यांपुढं बोलली, मी धुतला त्याचा डोळा. घाटंजीच्या दवाखान्यातून औषध आणलं, सात दिवस घातलं. पुडी काढून दाखवली, नळी दाखवली. मले वाटलं सासू झिंज्या धरंन, कोंबडा बाटला म्हणंन. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, बाटलेला कोंबडा सोडून दुसरं काही निंगालं असतं. तर ती उठली आन् माहे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाले लावले. सात वर्षांत पहिल्यांदा. म्हणे, तू शिवली तरी पोरीले काही झालं नाही, म्हणजे तिनंच तुह्या हातून करवलं. नायक म्हणे, हात तुहा, मर्जी तिची. आता तूच पाहत जा त्याले.

बोला आता. शिव्या देल्या असत्या तर मी भांडली असती. हात कपाळाले लावणाऱ्या बाईसंगं काय भांडता?

मी बाबूसिंगकडं पाह्यलं. माह्या नवऱ्याचं तोंड ट्रकमध्येच चालते, आईपुढं चालत नाही. म्हणे, अमावस्येले अजून आठ दिवस हायेत, मी येतो. जणू आठ दिवसांत कोंबडा म्हातारा होणार होता. मी मालीचा नवा झगा काढून ठेवला आन् तो गेला.

आता जे सांगते ते कोणालेच सांगतलं नाही. सासूले नाही, बाबूसिंगले नाही.

दुसऱ्या दिवशी मी डालं उचललं आन् पुन्हा बैलाच्या मागं नेऊन ठेवलं. राख काढून घेतली. कुटार काढून घेतलं. हिरवं बंद. आपल्या मरणानं गेला पाह्यजे ना? मंग जाऊ दे. सासूले म्हणलं, बाहेर रानमांजर फिरते. आता ती माहं सगळं ऐके. डोळा कशानं बिघडते ते मले नानाजीनंच शिकवलं होतं, आन् आत गोळा राहू देला का मंग कोंबडा खाणंपिणं सोडते, वाळत जाते, ते बी शिकवलं होतं. मी रोज सकाळी जाऊन पाहे. चौथ्या दिवशी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेस दिसला. मले बरं वाटलं. हो, बरं वाटलं, खोटं कायले बोलू. अमावस्येले चार दिवस होते. पाचव्या दिवशी पापणी चिकटली.

त्या दुपारी मी गोठ्यात उभी होती, हात कमरेवर, आन् माली मागून आली. साडेचार वर्षांची. वाकून डाल्याच्या फटीतून पाह्यलं. म्हणे, याडी, आमी मायले याडीच म्हणतो, याचा दुसरा डोळा लागला. म्हणलं, लागू दे. मंग म्हणे, आजी म्हणते हा जिता हाय तोवर मले काही होत नाही. मी म्हणलं, हो वं. तर म्हणे, हा मेला का मंग मी मरन?

रडत नव्हती. भाजी कोणती करू इचारावं तसं इचारलं. आन् डाल्याच्या फटीतून दोन बोटं घालून त्याच्या पाठीवर फिरवत राह्यली.

मी म्हणलं, नाही मरत. कोणी नाही मरत. आन् चुलीवर पाणी ठेवलं. पुडीत पावडर उरली होती.

बाबूसिंग अमावस्येले आला तवा कोंबड्याचे दोन्ही डोळे उघडे होते. त्यानं पेटी पाह्यली, कोंबडा पाह्यला, चहा पिला. खोली दुसऱ्याले गेली. आता तो हैदराबादकडच्या रस्त्यावर असते, सहा महिन्यातून येते. आन् तुमच्यासारख्या बाया कोंबड्या घेऊन येतात, का जमनीच्या हाताले देवीचा गुण हाय. कोंबडा तिकडं उकिरड्यावर उभा हाय, तीन वर्षांत एक पीस गळलं नाही त्याचं. माह्या हातानं काळजी घेतली ना.

घ्या, झाली तुमची कोंबडी. चार दिवस दोन येळा असंच करा, बाकीच्यांपासून अलग ठेवा, हिचं पाणी दुसरीले देऊ नोका, आन् गोठ्यातून काढा तिले.

मी मालीले सांगून पाह्यलं हो, का वं, तो कोंबडा हाय, तुह्यासारखाच खाते, हागते, त्याच्यानं काही होत नाही. ती हो म्हणते. परवा तिले तुमच्याकडं धाडलं होतं, निंदायले येते म्हणून सांग इंदुताईले. तुमचं वावर लिंबाच्या पल्याड पन्नास पावलं. लिंबाखालूनच जिनं तुमाले ओरडून सांगतलं, शीव ओलांडून पुढं आली नाही, ती मालीच.